आमदार, तुरुंगमंत्री आणि मग न्यायमूर्ती : कृष्ण अय्यर यांचे निकाल आपल्या घरापर्यंत कसे पोहोचले?

2025 मध्ये मुंबई हायकोर्टावर झालेल्या एका नेमणुकीवरून बराच गदारोळ उठला होता. नेमणूक झालेल्या वकीलबाई पूर्वी एका राजकीय पक्षाच्या प्रवक्त्या होत्या. कालपर्यंत टीव्हीवर पक्षाची बाजू लढवणारी व्यक्ती उद्या न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसून निष्पक्ष निकाल देईल का, असा सवाल विरोधकांनी केला. सवाल रास्त आहे. आपल्या समाजात तर तो जरा जास्तच काळजीने विचारला जातो. जामीन असो, तलाकचा खटला असो की दंगलीतली केस, समोर बसलेला माणूस कुठल्या विचारांचा आहे याची धाकधूक अनेक घरांत असते.

पण हा सवाल काही आजचा नाही. पन्नास वर्षांपूर्वी मुंबईतल्याच नामवंत वकिलांनी तो एका माणसाबद्दल विचारला होता. तो माणूस दोन वेळा निवडून आलेला आमदार होता, कम्युनिस्ट सरकारात मंत्री होता आणि एकदा तुरुंगाची हवाही खाऊन आला होता. नाव व्ही. आर. कृष्ण अय्यर. पुढे त्यांनी दिलेल्या निकालांचा फायदा देशातल्या गरीब माणसाला झालाच, पण मुस्लिम घरांतल्या बायकांच्या हक्कांवरही त्यांचा ठसा उमटला. त्यातल्या काही निकालांवरून आपल्याकडे वादही झाले.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. हायकोर्टाचा न्यायाधीश कोण होऊ शकतो, हे राज्यघटनेच्या कलम 217 मध्ये सांगितलं आहे. भारताचा नागरिक हवा आणि हायकोर्टात दहा वर्षं वकिली किंवा तेवढीच वर्षं न्यायालयीन पदावर काम हवं. आमदार, खासदार किंवा मंत्री राहिलेल्या माणसाला मनाई कुठेही नाही. थोडक्यात, राजकारणातून आलेला माणूस न्यायाधीश होणं बेकायदेशीर नाही. तो तिथे बसून काय करतो, एवढंच बघायचं राहतं.

मलबारचा वकील

कृष्ण अय्यर मूळचे पालक्काडजवळच्या एका तमिळ ब्राह्मण घरातले. वडीलही वकील. 1930 च्या दशकाच्या शेवटी त्यांनी मलबारमधल्या तलश्शेरीला वकिली सुरू केली. हा भाग तेव्हा मद्रास प्रांतात होता. मोपला मुसलमानांची मोठी वस्ती, जमीनदारांच्या कुळांची हलाखी, विडी आणि विणकाम कामगारांच्या युनियन असा तो सगळा मुलूख. अय्यर कुळांचे आणि कामगारांचे खटले घेऊ लागले. कम्युनिस्ट कार्यकर्त्यांना पोलीस कोठडीत मारहाण होते, असं ते उघड बोलत. 1948 मध्ये कम्युनिस्टांना मदत केल्याचा आरोप ठेवून त्यांनाच महिनाभर तुरुंगात टाकण्यात आलं.

हा एक महिना लक्षात ठेवा. पुढे सुप्रीम कोर्टात कैद्यांच्या हक्कांवर त्यांनी जे लिहिलं, ते कोठडी आतून पाहिलेल्या माणसाने लिहिलं होतं.

1952 मध्ये ते कूथुपरंबा मतदारसंघातून मद्रास विधानसभेवर अपक्ष म्हणून निवडून आले. 1956 मध्ये केरळ राज्य झालं आणि 1957 च्या पहिल्या निवडणुकीत तलश्शेरीतून पुन्हा अपक्ष, पण यावेळी कम्युनिस्ट पक्षाच्या पाठिंब्यावर. ई. एम. एस. नंबुद्रीपाद मुख्यमंत्री झाले आणि अय्यर त्यांच्या मंत्रिमंडळात आले. कायदा, गृह, तुरुंग, समाजकल्याण, वीज, पाटबंधारे अशी खाती वेगवेगळ्या वेळी त्यांच्याकडे होती. तुरुंग सुधारणा आणि गरिबांना वकील मिळवून देणं या दोन गोष्टींवर त्यांचा तेव्हापासूनच भर होता. ते सरकार जेमतेम सव्वादोन वर्षं टिकलं. राज्यात मोठं आंदोलन पेटलं आणि 31 जुलै 1959 ला केंद्राने सरकार बरखास्त केलं.

1960 च्या निवडणुकीत अय्यर अगदी थोड्या मतांनी हरले. ते कोर्टात गेले आणि निवडणूक याचिकेचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. 1965 ला मात्र सरळ पराभव झाला आणि ते पुन्हा काळा कोट घालून वकिलीकडे वळले. राजकारणाचं दार त्यांनी स्वतः बंद केलं की मतदारांनी, यावर वाद घालता येईल. पण 1968 मध्ये केरळ हायकोर्टाचे न्यायाधीश झाले तेव्हा ते कुठल्याही सभागृहात नव्हते.

मुंबईच्या वकिलांचा विरोध

हायकोर्टानंतर ते काही काळ केंद्राच्या विधी आयोगावर होते. जुलै 1973 मध्ये त्यांना सुप्रीम कोर्टात घेतलं, तेव्हा वातावरण तापलेलं होतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केलं होतं. सरकारला ‘आपल्या विचारांचे’ न्यायाधीश हवेत, ही चर्चा रोजच्या पेपरात होती. अशा वेळी एक माजी कम्युनिस्ट मंत्री दिल्लीच्या कोर्टात बसणार म्हटल्यावर मुंबईतल्या वकिलांनी जाहीर विरोध केला. विरोध करणाऱ्यांत सोली सोराबजी होते, जे पुढे देशाचे अॅटर्नी जनरल झाले. अय्यर यांचं काम पाहिल्यावर आपला विरोध चुकला होता, हे सोराबजींनी नंतर मोकळेपणाने सांगितलं.

सोराबजींचं मत कशामुळे बदललं असेल, हे समजायला 1975 चा जून महिना पुरेसा आहे. 12 जूनला अलाहाबाद हायकोर्टाने इंदिरा गांधींची रायबरेलीची निवडणूक रद्द ठरवली. सुप्रीम कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी होती आणि सुट्टीतले न्यायाधीश होते कृष्ण अय्यर. त्यांना सुप्रीम कोर्टात आणलं ते याच सरकारने. त्यांनी नंतर लिहिल्याप्रमाणे, केंद्रीय कायदामंत्री हरी रामचंद्र गोखले यांचा फोन आला, भेटायचं होतं. कशासाठी, असं अय्यर यांनी विचारलं. पंतप्रधानांच्या अपिलाबद्दल, हे कळल्यावर त्यांनी भेट नाकारली आणि अपील रजिस्ट्रीत रीतसर दाखल करा, असं सांगून फोन ठेवला.

24 जूनला त्यांनी निकाल दिला. इंदिरा गांधींच्या वतीने नानी पालखीवाला यांनी पूर्ण स्थगिती मागितली होती. ती मिळाली नाही. मिळाली ती सशर्त स्थगिती : पंतप्रधान म्हणून काम करता येईल, संसदेत बसता येईल, पण खासदार म्हणून मत देता येणार नाही आणि पगार घेता येणार नाही. दुसऱ्या रात्री देशात आणीबाणी लागली. अय्यर यांनी त्यांना पदावर राहू द्यायला नको होतं, असं आजही काहीजण म्हणतात. ते मत आपल्या जागी. पण ज्या सरकारने नेमलं त्याच्या प्रमुखाला हवी ती पूर्ण स्थगिती त्यांनी नाकारली, हे कागदावर आहे.

जामीन, बेडी आणि हमालाचा बोनस

आता ज्या निकालांशी सामान्य माणसाचा रोजचा संबंध येतो त्याकडे येऊ. अय्यर यांचं इंग्रजी इतकं अवघड, की वाचताना वकिलांनाही शब्दकोश उघडावा लागे. पण आदेश मात्र एकदम साधे असत.

1978 चा मोतीराम खटला घ्या. मध्य प्रदेशातला एक गवंडी. सुप्रीम कोर्टाने जामीन मंजूर केला, पण खालच्या मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ जामीन राहायला आला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. प्रकरण पुन्हा दिल्लीला. अय्यर यांनी एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं आणि गरिबाकडून त्याच्या ऐपतीबाहेरचा जामीन मागणं म्हणजे जामीन नाकारण्यासारखंच आहे, असं ठरवलं. ‘जामीन मंजूर झाला पण माणूस सुटला नाही’ ही गोष्ट आपल्या किती मोहल्ल्यांत ऐकू येते, ते वाचकांना सांगायला नको.

त्याच वर्षीचा होसकोट विरुद्ध महाराष्ट्र सरकार हा खटला आपल्या राज्यातला. खोट्या पदव्यांच्या प्रकरणात शिक्षा झालेला एक प्राध्यापक. त्याची शिक्षा कायम राहिली, म्हणजे त्याच्या पदरात काही पडलं नाही. पण निकालाची प्रत वेळेवर न मिळाल्यामुळे त्याला अपील करायला वर्षं लागली होती. त्यावरून अय्यर यांनी नियम घालून दिला : शिक्षा झालेल्या प्रत्येक कैद्याला निकालाची प्रत फुकट मिळाली पाहिजे आणि वकील परवडत नसेल तर सरकारने तो दिला पाहिजे. मेहेरबानी म्हणून नाही, हक्क म्हणून.

तिहार तुरुंगातला फाशीचा कैदी सुनील बत्रा याने शेजारच्या कैद्याला वॉर्डर पैशासाठी छळतो, असं पत्र न्यायमूर्तींना लिहिलं. अय्यर यांनी पत्रालाच याचिका मानलं. पुढे पोस्टकार्डावरून जनहित याचिका दाखल होऊ लागल्या, त्याची एक सुरुवात इथे आहे.

मुंबईच्या नागदेवीतल्या हार्डवेअरच्या दुकानांमधल्या कामगारांचा खटलाही त्यांच्यासमोर आला होता. पूर्वी मिळणारा बोनस व्यापाऱ्यांनी 1965 नंतर बंद केला होता. कायद्याच्या मुद्द्यावर कामगार हरण्याची शक्यता होती. 1976 मध्ये अय्यर यांनी म्हटलं की चालत आलेल्या रिवाजाने मिळणारा बोनस हा वेगळा हक्क आहे, बोनस कायदा त्याला मारत नाही. खटल्याच्या नावात मुंबई कामगार सभा एका बाजूला आणि अब्दुलभाई फैजुल्लाभाई हे व्यापारी दुसऱ्या बाजूला. मालक आपल्यातला की कामगार आपल्यातला, हा हिशेब त्या निकालात कुठेच नाही.

मेहर, इद्दत आणि पोटगी

आता जिथे वाद झाला तिथे येऊ. हा भाग थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण शाहबानो प्रकरण सगळ्यांना माहीत असतं, त्याच्या आधीचं फारसं कोणी सांगत नाही.

केरळ हायकोर्टात असताना, 1970 च्या सुमाराला, अय्यर यांच्यासमोर युसूफ रावथर विरुद्ध सौरम्मा हा खटला आला. पंधराच्या आसपास वयाची हनफी मुलगी, नवरा जवळपास दुप्पट वयाचा. थोड्याच दिवसांत ती माहेरी आली आणि दोन वर्षांहून जास्त काळ नवऱ्याने खर्च दिला नाही. 1939 च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याखाली तिने फस्ख मागितलं. नवरा म्हणाला, ती स्वतःहून गेली, मी का पैसे देऊ? अय्यर यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. दोन वर्षं खर्च मिळाला नाही एवढं पुरे, दोष कोणाचा ते शोधत बसायची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं. जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली : मुसलमान नवऱ्याला मनात येईल तेव्हा एका दमात तलाक देण्याचा बेलगाम अधिकार आहे, हा समज कुरआनच्या शिकवणीशी जुळत नाही. एका बिगर-मुस्लिम न्यायाधीशाने शरीयतवर बोलावं का, हा आक्षेप असू शकतो. पण त्यांनी शरीयत मोडीत काढली नव्हती. तिचा गैरवापर आणि ती स्वतः यांत फरक केला होता.

गंमत म्हणजे याच मुद्द्यावर आणखी एक राजकारणी-न्यायाधीश पोहोचले होते. आसामचे बहारुल इस्लाम. काँग्रेसचे राज्यसभा खासदार, 1972 मध्ये गुवाहाटी हायकोर्टात न्यायाधीश. तलाकला वाजवी कारण हवं आणि त्याआधी दोन्ही बाजूंच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न करायला हवा, असं त्यांनी लिहिलं. 2002 मध्ये शमीम आरा खटल्यात सुप्रीम कोर्टाने या दोघांचेही निकाल समोर ठेवले आणि नुसतं ‘मी पूर्वीच तलाक दिला होता’ असं कोर्टाच्या कागदावर लिहून तलाक होत नाही, असं ठरवलं. त्याच वर्षी मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद पूर्णपीठानेही लातूरच्या दगडू पठाण खटल्यात तलाक सिद्ध करावा लागतो, असा निकाल दिला. महाराष्ट्रातल्या फॅमिली कोर्टात वकील आजही त्याचा दाखला देतात.

बहारुल इस्लाम यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. सुप्रीम कोर्टात असताना बिहारच्या काँग्रेस मुख्यमंत्र्यांना दिलासा देणारा निकाल त्यांनी दिला आणि थोड्याच दिवसांत, जानेवारी 1983 मध्ये, काँग्रेसच्या तिकिटावर निवडणूक लढवण्यासाठी राजीनामा दिला. नंतर ते पुन्हा राज्यसभेत गेले. म्हणजे एकाच प्रश्नाची दोन उत्तरं आपल्यासमोर आहेत. माझ्या मते फरक आधीच्या पक्षाचा नाही. खुर्चीवर असताना परतीचं तिकीट खिशात ठेवलं होतं की नाही, त्याचा आहे.

पुन्हा अय्यर यांच्याकडे. 1978 मध्ये बाई ताहिरा विरुद्ध अली हुसेन हा मुंबईचा खटला सुप्रीम कोर्टात आला. बाई दुसरी पत्नी, 1962 मध्ये तलाक. तडजोडीत पाच हजार मेहर आणि इद्दतचे एकशे ऐंशी रुपये दिल्याची नोंद होती. पुढे तिने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली पोटगी मागितली. नवऱ्याचं म्हणणं, मेहर दिलं, विषय संपला. कायद्यात तशी पळवाट होती : धर्माच्या कायद्याप्रमाणे तलाकनंतर द्यायची रक्कम दिली असेल तर पोटगी रद्द होते. अय्यर म्हणाले, दिलेली रक्कम पोटगीची जागा घेण्याइतकी असली पाहिजे. आपणच हिशेब करून पाहू : पाच हजारांवर सहा टक्के व्याज धरलं तर महिन्याला पंचवीस रुपये. तेवढ्यात मुंबईत कोण जगणार? 1980 च्या फुजलुनबी खटल्यात तर बँकेत नोकरी करणाऱ्या नवऱ्याने पाचशे रुपये मेहर आणि साडेसातशे इद्दतखर्च देऊन पोटगी थांबवली होती. तिथेही अय्यर यांनी बाईच्या बाजूने निकाल दिला.

इथे त्यांचा युक्तिवाद पूर्ण पक्का नव्हता, हे मान्य करायला हवं. मेहर हा निकाहमुळे मिळणारा बायकोचा हक्क आहे, तलाकची भरपाई नव्हे, हे आपल्या घरातली शाळकरी मुलगीही सांगेल. मग ‘तलाकनंतर द्यायची रक्कम’ या खात्यात मेहर बसतंच कसं? दोन्ही निकालांबद्दल शंका सुप्रीम कोर्टातही निघाली. 1981 मध्ये न्यायमूर्ती मुर्तझा फझल अली आणि वरदराजन यांनी प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. तोच शाहबानो खटला. 1985 मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने पोटगीचा हक्क कायम ठेवला. मात्र मेहर ही तलाकमुळे द्यायची रक्कम नाही, असं म्हणून अय्यर यांच्या युक्तिवादातली ती गाठ सोडवली. निकालातल्या समान नागरी कायद्याच्या उल्लेखाने वातावरण पेटलं आणि 1986 चा कायदा आला. 2001 च्या दानियल लतीफी खटल्यात कोर्टाने त्या कायद्याचा अर्थ लावला : इद्दतच्या काळातच बाईच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद नवऱ्याने करायची.

निवृत्तीनंतर

नोव्हेंबर 1980 मध्ये ते निवृत्त झाले. 1987 मध्ये विरोधी पक्षांच्या वतीने राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवून आर. वेंकटरामन यांच्याकडून हरले. 1999 मध्ये पद्मविभूषण मिळालं. 2002 च्या गुजरात हिंसाचारानंतर नागरिकांनी नेमलेल्या लवादाचे ते अध्यक्ष होते. त्यात महाराष्ट्रातले न्या. पी. बी. सावंत आणि मुंबई हायकोर्टाचे माजी न्या. होस्बेट सुरेश हेही होते. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या अहवालाने राज्य सरकारवर थेट ठपका ठेवला.

नंतरच्या काळात त्यांच्या काही भूमिका आपल्याला पटणाऱ्या नव्हत्या. 2011 मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने केरळात दोनपेक्षा जास्त मुलं होऊ देणाऱ्यांना दंडाची शिफारस केली, तेव्हा मुस्लिम आणि ख्रिश्चन संघटनांनी कडाडून विरोध केला. 2013 मध्ये त्यांनी नरेंद्र मोदींना जाहीर पाठिंबा दिला, तेव्हा गुजरातचा अहवाल वाचलेले अनेकजण चकित झाले. 4 डिसेंबर 2014 ला कोचीत त्यांचं निधन झालं.

त्यांच्या निकालांचा धागा आजही चालू आहे. जुलै 2024 मध्ये तेलंगणाच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की 1986 चा कायदा असला तरी तलाकशुदा मुस्लिम बाई साधारण कायद्याखालीही पोटगी मागू शकते. कुठला मार्ग घ्यायचा, ते तिने ठरवायचं. जुनं कलम 125 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 झालं आहे. जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे अर्ज त्या न्यायालयात, नाहीतर मॅजिस्ट्रेटकडे करायचा. वकिलाची फी नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं. 1987 च्या कायद्याप्रमाणे बायकांना आणि कोठडीत असलेल्यांना तिथे फुकट वकील मिळतो. बायकांसाठी उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला आणा असं सांगून कोणी परत पाठवलं तर कायद्यातलं कलम 12 दाखवायचं.